चित्रपटांची पुनर्भेट

आवडते पुस्तक पुन्हा वाचावयाचे झाले तर ते कपाटातून काढले की काम भागते. आवडता चित्रपट पुन्हा पाहण्याची गोष्ट मात्र फार काळ इतकी सोपी नव्हती. चित्रपट गावात येई, चार-सहा आठवडे राही आणि पत्र्याच्या डब्यांत बंद होऊन पुढच्या गावी रवाना होई. प्रेक्षकापाशी उरे ती केवळ आठवण. ही आठवण वर्षानुवर्षे मनात घोळत राही आणि घोळता घोळता बदलतही जाई. कंटाळवाणे प्रसंग गळून पडत, आवडते प्रसंग वाढत, न ऐकलेले संवादही ऐकल्यासारखे वाटू लागत. पुढे कधी तोच चित्रपट पुन्हा पाहण्याचा योग आला, म्हणजे मनातला चित्रपट आणि पडद्यावरचा चित्रपट यांची गाठ पडे. ही गाठ नेहमीच सुखाची असते असे नाही. पण तिच्यातून चित्रपटाविषयी आणि प्रेक्षकाविषयी जे कळते, ते पहिल्या भेटीत सहसा कळत नाही.

जुन्या चित्रपटांविषयी बोलताना दोन शब्द नेहमी कानी पडतात. काही चित्रपटांना 'अभिजात' म्हटले जाते, तर काहींविषयी म्हणतात की त्यांचा एक 'पंथ'च तयार झाला आहे. अभिजात चित्रपटामागे पिढ्यांची संमती असते. 'संत तुकाराम' (१९३६) किंवा 'शोले' (१९७५) यांची थोरवी कोणाला पटवून द्यावी लागत नाही. पंथाच्या चित्रपटाचे चाहते संख्येने थोडे असले तरी निष्ठेने पक्के असतात. 'जाने भी दो यारो' (१९८३) हा त्याचा उत्तम नमुना होय. त्यातील महाभारताचा प्रसंग पाठ असलेली माणसे एकमेकांना दोन वाक्यांत ओळखतात. दोन्ही प्रकारच्या चित्रपटांना पुनर्भेटीची कसोटी सारखीच लागू पडते.

ही पुनर्भेट कशी घडत आली, याचा इतिहास दिल्लीत चांगला वाचता येतो. कॅनॉट प्लेसमधील 'रीगल' हे चित्रपटगृह १९३२ सालचे. दर्यागंजातील 'गोलचा' आणि असफअली मार्गावरील 'डिलाइट' ही १९५४ ची. १९५२ मध्ये मुंबईत सुरू झालेला देशातील पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव दिल्लीतही भरला. १५ सप्टेंबर १९५९ रोजी भारतातील दूरचित्रवाणीचा प्रारंभही याच शहरात झाला. दूरदर्शनने जुना चित्रपट प्रथमच घरात आणला. ऐंशीच्या दशकात रविवारी सायंकाळी हिंदी चित्रपट असे आणि दुपारी प्रादेशिक भाषांतील पुरस्कारप्राप्त चित्रपट असत. त्यांत मराठीची पाळी आली म्हणजे महाराष्ट्रापासून दूर वाढणाऱ्या मुलांच्या कानी मायबोली पडद्यावरून पडे. पुढे कॅसेटी आल्या, तबकड्या आल्या. १९९७ मध्ये दिल्लीतच साकेत येथे 'अनुपम' या जुन्या चित्रपटगृहाचे बहुपडदा चित्रपटगृहात रूपांतर झाले आणि एका छताखाली अनेक चित्रपट दाखविण्याची प्रथा सुरू झाली. एके काळच्या विशाल दालनांचे दिवस त्यानंतर भरत आले. ३० मार्च २०१७ रोजी 'रीगल' बंद झाले. त्याचा अखेरचा खेळ राज कपूर यांच्या 'संगम' (१९६४) या चित्रपटाचा होता. चित्रपटगृहाने निरोप घेताना नवा चित्रपट न निवडता जुना निवडला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्याच इमारतीत त्या वर्षअखेर नामवंतांच्या मेणाच्या पुतळ्यांचे प्रदर्शन उघडले. तेही तीन वर्षांत बंद पडले आणि २०२२ मध्ये नोएडाला गेले.

पुनर्भेटीत नेमके काय घडते, हे पाहण्यासाठी दिल्लीतच चित्रित झालेला आणि एका मराठी लेखिकेने दिग्दर्शित केलेला चित्रपट हाती घेणे सोयीचे होईल. तो चित्रपट म्हणजे सई परांजपे यांचा 'चश्मे बद्दूर' (१९८१).

सई परांजपे या रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांची नात आणि शकुंतलाबाई परांजपे यांची कन्या. पुण्याच्या आकाशवाणीवर निवेदिका म्हणून त्यांनी कामास आरंभ केला. नंतर दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून १९६३ मध्ये पदवी घेतली आणि पुढे दिल्लीच्या दूरचित्रवाणी केंद्रावर निर्माती म्हणून काम केले. दिल्लीकडे त्यांनी परक्याच्या कुतूहलाने पाहिले आणि रहिवाशाच्या सरावानेही. 'चश्मे बद्दूर'ची कथा त्यांच्या 'धुआँ धुआँ' या दूरचित्रवाणीवरील नाटिकेतून वाढली. तिचे नाव धुराचे, आणि चित्रपटातही तीन मित्रांत सिगारेट फिरत असते.

कथा साधी आहे. सिद्धार्थ, ओमी आणि जय हे तीन तरुण दिल्लीतील एका बरसातीत राहतात. सिद्धार्थ अभ्यासात बुडालेला. इतर दोघांचा उद्योग म्हणजे रस्त्याने जाणाऱ्या मुलींच्या मागे लागणे. शेजारी आलेल्या नेहा नावाच्या तरुणीवर दोघेही आपापले नशीब अजमावून पाहतात, दोघांचीही फजिती होते, आणि दोघेही परत येऊन आपल्या विजयाच्या खोट्या कहाण्या सांगतात. एके दिवशी नेहा 'चमको' साबणाची पूड विकण्यासाठी त्यांच्या दारी येते. दार उघडतो सिद्धार्थ. कपड्यांचे डाग कसे जातात हे ती त्याला दाखविते, आणि या अगदी अकाव्यमय प्रसंगातून प्रेम जुळते. ही बातमी कळताच दोघे मित्र मत्सराने नेहाविषयी सिद्धार्थचे मन कलुषित करतात. मग पश्चात्ताप पावून, नेहाच्या आजीला हाताशी धरून, तुटलेले जोडू पाहतात. सिद्धार्थ झाला आहे फारुख शेख, नेहा झाली आहे दीप्ती नवल. राकेश बेदी, रवी बासवानी, पानवाले लल्लन मियाँ झालेले सईद जाफरी आणि आजीच्या भूमिकेतील लीला मिश्रा यांनी चित्रपटात हास्याची बरसात केली आहे.

पहिल्या भेटीत प्रेक्षक ही गोष्ट पाहतो. नेहा मिळेल की नाही, मित्रांचे बिंग फुटेल की नाही, याकडे त्याचे सारे चित्त लागलेले असते. दुसऱ्या भेटीत शेवट माहीत असतो, आणि उत्सुकता सुटल्यामुळे डोळे मोकळे होतात. मग पात्रांच्या मागे जे उभे होते ते पुढे येते. 'चश्मे बद्दूर'मध्ये मागे दिल्ली उभी होती.

ती दिल्ली आज शोधून सापडणार नाही. १९८१ च्या जनगणनेत दिल्लीची लोकसंख्या ६२ लाख होती. २०११ मध्ये ती १ कोटी ६८ लाखांवर गेली. १९८२ च्या नोव्हेंबरात आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या आणि त्यांच्या निमित्ताने उड्डाणपूल, क्रीडागारे व रंगीत दूरचित्रवाणी शहरात आली. या उलथापालथीच्या उंबरठ्यावर हा चित्रपट उभा आहे. त्यातील रस्त्यांवर मोटारसायकल निवांत जाते, झाडांच्या सावल्या अखंड पडतात, आणि ताळकटोरा बागेत दोन तरुण माणसे घाई न करता आइसक्रीम खातात. १७३७ मध्ये बाजीराव दिल्लीवर चालून गेले तेव्हा मराठी फौजेची मोगलांशी चकमक याच परिसरात झाली होती. अडीच शतकांनी एका मराठी दिग्दर्शिकेने त्याच बागेत प्रेमप्रसंग चित्रित केला.

'बरसाती' हा शब्दही आता सांगून समजवावा लागतो. दिल्लीच्या दुमजली घरांच्या गच्चीवर एखादी खोली असे. उन्हाळ्यात गच्चीवर निजणाऱ्यांना अवचित पावसात आसरा मिळावा, म्हणून तिचे हे नाव. उन्हाळ्यात ती भट्टीसारखी तापे, म्हणून भाडे कमी. आणि भाडे कमी, म्हणून विद्यार्थी, चित्रकार, पत्रकार आणि नवखे नोकरदार तिथे राहत. पुढे जमिनीचे मोल वाढले. जुनी घरे पाडून त्या जागी बहुमजली इमारती उठल्या आणि गच्चीवरची खोली नकाशातून गेली. खिशात पैसा नसलेल्या तरुणाला शहराच्या मध्यभागी ऐसपैस आकाशासह राहता येई, ही सामाजिक वस्तुस्थिती आता त्या चित्रपटाच्या भिंतींवर उरली आहे. लल्लन मियाँच्या ठेल्यावरची उधारीही तशीच. तिच्यामागे ओळख होती, आणि ओळखीमागे एकाच गल्लीत वर्षानुवर्षे राहणे होते. दिग्दर्शिकेने इतिहास लिहावयास घेतला नव्हता. हसविण्यासाठी केलेल्या कृतीत तो आपोआप लिहिला गेला.

याचा पुरावा योगायोगाने २०१३ मध्ये मिळाला. ५ एप्रिल २०१३ रोजी मूळ 'चश्मे बद्दूर' नव्याने स्वच्छ केलेल्या प्रतीच्या रूपात चित्रपटगृहांत पुन्हा झळकला, आणि त्याच दिवशी त्याच कथेवर बेतलेला डेव्हिड धवन यांचा नवा चित्रपटही प्रदर्शित झाला. नव्या चित्रपटाने कथा गोव्यात नेली. तिघे मित्र, एक मुलगी, थापा, गैरसमज हे सारे गोव्यात नेता आले. परंतु बरसाती, उधारीचे पान आणि शांत रस्ते यांना जागचे हलविता आले नाही. कथेची नक्कल होऊ शकते. ज्या काळात ती घडली त्या काळाची होऊ शकत नाही. जुन्या चित्रपटाकडे लोक पुन्हा वळतात ते बहुधा या न हलणाऱ्या भागासाठी.

परंतु पुनर्भेटीची दुसरी, अवघड बाजूही त्याच एप्रिलमध्ये समोर आली. १६ डिसेंबर २०१२ रोजी दिल्लीत धावत्या बसमध्ये एका तरुणीवर अमानुष अत्याचार झाला आणि त्यात तिचा अंत झाला. त्या घटनेने सारा देश ढवळून निघाला. फौजदारी कायद्यात ज्या दुरुस्त्या झाल्या त्यांना २ एप्रिल २०१३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि स्त्रीचा तिच्या इच्छेविरुद्ध पाठलाग करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. त्यानंतर तीनच दिवसांनी, मुलींच्या मागे लागणाऱ्या दोन तरुणांची ही सुखात्मिका दिल्लीच्या पडद्यावर पुन्हा आली. चित्रपटाच्या शेवटी सिद्धार्थला पराक्रमाची संधी मिळावी म्हणून मित्र आणि आजी मिळून नेहाच्या अपहरणाचे नाटक रचतात, आणि खरेच गुंड तिला पळवून नेतात. १९८१ मध्ये या प्रसंगाला सारे सभागृह मोकळेपणाने हसे. २०१३ च्या दिल्लीत तेच हसू घशात अडकावे, हे स्वाभाविक होते.

अशा वेळी प्रेक्षकापुढे दोन सोपे मार्ग असतात. काळच निराळा होता असे म्हणून सारे माफ करावे, किंवा आजच्या कायद्याची मोजपट्टी लावून चित्रपट मोडीत काढावा. दोन्ही मार्गांत चित्रपट पुन्हा पाहण्याचे श्रम वाचतात. नीट पाहिले तर असे दिसते की ओमी आणि जय यांचा एकही डाव चित्रपटाने यशस्वी होऊ दिलेला नाही. त्यांच्या विजयाच्या कहाण्या म्हणजे हिंदी चित्रपटांतील प्रेमप्रसंगांची विडंबने आहेत. ओमीच्या कल्पनेत तर अमिताभ बच्चन आणि रेखाच अवतरतात. मुलीच्या मागे लागले की ती वश होते, हा धडा ज्या पडद्याने दिला त्याच पडद्याची ही थट्टा आहे. नेहा मात्र विडंबनाबाहेर ठेवलेली आहे. ती स्वतः कमावते, गाणे शिकते, अनोळखी दारांवर एकटी जाते आणि न बिचकता बोलते. पुरुषांच्या बढाईला हसणारा आणि स्त्रीच्या कामाचा मान ठेवणारा हा चित्रपट आहे, हे पुनर्भेटीत अधिक स्पष्ट होते.

पण एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. मित्रांनी नेहावर बालंट घेतले तेव्हा सिद्धार्थ त्यावर विश्वास ठेवतो. सुस्वभावी, अभ्यासू सिद्धार्थला नेहापाशी जाऊन एक प्रश्न विचारावासा वाटत नाही. पुढे तिच्या अपहरणाचा बेत ठरतो, तोही तिला न विचारता. पहिल्या भेटीत या जागा कथेच्या ओघात निसटून जातात. आज त्या टोचतात, आणि टोचाव्यात हे बरेच आहे. चित्रपट आवडतो म्हणून त्या नाकारण्याचे कारण नाही, आणि त्या टोचतात म्हणून चित्रपट टाकून देण्याचेही नाही. घरातील वडीलधाऱ्या माणसाचे काही विचार पटत नाहीत, तरी त्याचा आधार खोटा नसतो. जुन्या चित्रपटाशी नाते राखावयाचे ते असेच.

काही चित्रपटांच्या बाबतीत याच्या उलट घडते. काळ मागून येऊन त्यांना गाठतो. सई परांजपे यांचाच 'स्पर्श' तसा आहे. दिल्लीतील अंध विद्यार्थ्यांच्या शाळेत तो चित्रित झाला आणि शाळेतील मुलांनीच त्यात कामे केली. १९७९ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट ठरला. नसीरुद्दीन शाह यांना अभिनयासाठी आणि सई परांजपे यांना पटकथेसाठी पुरस्कार मिळाला. अंध मुख्याध्यापक अनिरुद्ध आणि शाळेत मदतीला येणारी विधवा कविता यांची ही कथा. अनिरुद्धला साहाय्य चालते, कणव चालत नाही; आणि कविता त्याच्याशी विवाह करावयास निघते तेव्हा तो प्रेमापोटी की त्यागाच्या ओढीने, या शंकेने तो हैराण होतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा आजचा कायदा २०१६ चा आहे. दयेच्या जागी हक्क हा जो पालट त्या कायद्याने शब्दांत मांडला, तो अनिरुद्धच्या ताठ मानेत कितीतरी आधी दिसतो. पहिल्या पिढीला हा मुख्याध्यापक काहीसा हट्टी वाटला असेल. आजच्या प्रेक्षकाला तो सरळ वाटतो. चित्रपटात एक अक्षरही बदललेले नाही. बदल झाला आहे तो प्रेक्षकात.

मराठी प्रेक्षकाला याचे आणखी जुने उदाहरण घरचेच आहे. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी १९३७ मध्ये 'कुंकू' काढला. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्याला पती मानावयास नकार देते, एवढेच त्याचे सूत्र. शांता आपटे यांची ती नीरा आजही जुनी वाटत नाही. त्याच चित्रपटात वकिलाच्या सुशिक्षित मुलीची भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली होती. कुटुंबनियोजनाच्या कार्यासाठी ख्यात झालेल्या शकुंतलाबाई १९६४ ते १९७० या काळात राज्यसभेच्या नियुक्त सदस्य म्हणून दिल्लीत होत्या. आई 'कुंकू'च्या पडद्यावर आणि मुलगी 'स्पर्श'च्या पडद्यामागे; दोन्ही चित्रपट पुन्हा पाहताना हा धागा आपसूक हाती येतो.

मात्र पुनर्भेटीसाठी आधी चित्रपट शिल्लक असावा लागतो. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' (१९३१) आज कोणालाही पाहता येत नाही, कारण त्याची प्रत उरलेली नाही. जुनी नायट्रेटची फीत चटकन पेट घेई. नंतरची फीत दमट हवेत आंबून आक्रसते, आणि रंगीत चित्रपटांचे रंग उडत जातात. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी गावोगावची धूळ खात पडलेली रिळे जमवून ते उभे केले. सेकंदाला चोवीस चित्रे या हिशेबाने दोन तासांच्या चित्रपटात १ लाख ७२ हजार ८०० चित्रे होतात. जीर्णोद्धार करताना या सर्वांवरून हात फिरवावा लागतो. धूळ, ओरखडे, डाग काढावे लागतात, रंग आणि ध्वनी पूर्वस्थितीत आणावे लागतात.

जुन्या चित्रपटांना आता बाजारही मिळाला आहे. राज कपूर यांच्या जन्मशताब्दीनिमित्त डिसेंबर २०२४ मध्ये त्यांचे चित्रपट ४० शहरांतील १३५ चित्रपटगृहांत दाखविले गेले. बाजार आला म्हणजे मोहही येतो. 'रांझणा' (२०१३) या चित्रपटाची तमिळ आवृत्ती १ ऑगस्ट २०२५ रोजी पुन्हा प्रदर्शित झाली, ती यंत्रबुद्धीच्या साहाय्याने शोकान्त शेवट सुखान्त करून. दिग्दर्शक आनंद राय आणि नायक धनुष या दोघांनी त्यास उघड विरोध केला. उलट, १२ डिसेंबर २०२५ रोजी पुन्हा आलेल्या 'शोले'मध्ये मूळ शेवट परत आणला गेला. आणीबाणीच्या दिवसांत परिनिरीक्षकांच्या आग्रहावरून तो बदलावा लागला होता. ठाकूरच्या हातून गब्बरचा अंत होतो, हे चित्रपटगृहात पाहण्यास प्रेक्षकांना पन्नास वर्षे थांबावे लागले. दोन्ही ठिकाणी शेवट बदलला, पण एकीकडे कृतीवर नवे कलम बांधले गेले आणि दुसरीकडे तिचे हिरावलेले अंग तिला परत मिळाले. जीर्णोद्धार आणि फेरफार यांतील सीमा कोठे आहे, हे या दोन उदाहरणांवरून ओळखता येईल.

ही सीमा जपण्याचे कारण केवळ कलावंताचा मान एवढेच नाही. जुना चित्रपट आहे तसा राहिला तरच त्याच्यासमोर बसून स्वतःतील बदल मोजता येतो. अपहरणाच्या प्रसंगाला एके काळी हसू आले आणि आता येत नाही, अनिरुद्ध एके काळी हट्टी वाटला आणि आता रास्त वाटतो, हे कळण्यासाठी प्रसंग तोच हवा आणि अनिरुद्धही तोच हवा. आजच्या रुचीप्रमाणे जुने चित्रपट दुरुस्त करीत गेल्यास प्रेक्षकाला दर वेळी स्वतःचीच आजची प्रतिमा दिसेल, आणि आपण कोठून कोठवर आलो हे त्याला कधीच उमगणार नाही. म्हणून जुन्या चित्रपटांची रिळे सांभाळणे हे जितके संग्रहालयाचे काम आहे, तितकेच ते डोळे उघडे ठेवून, हसू आले तेथे हसून आणि न आले तेथे थांबून पाहणे, हे प्रेक्षकाचे काम आहे.